2003 कुणालाच आठवत नाही

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. नॉरईस्टर, म्हणजे इथलं मोठं हिवाळी वादळ, यायच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडच्या सुपरमार्केटमध्ये काय चित्र असतं ते बॉस्टनच्या आसपास राहिलेल्यांना सांगायला नको. ब्रेड गायब, अंडी गायब, दुधाचे शेवटचे चार कॅन, आणि लोक वरवर वैतागलेले पण आतून खूश. मी दूध आणि कोथिंबीर घेऊन रांगेत उभी होते (बर्फ पडायला लागला की आमच्याकडे भजी होतातच, आणि कोथिंबिरीवर इथे कोणी तुटून पडत नाही हे एक बरं आहे). माझ्या पुढे सत्तरी ओलांडलेले एक आजोबा होते, रेड सॉक्सची विटकी टोपी, हातात फक्त मांजराचं खाणं आणि बॅटऱ्या. कॅश काउंटरवरच्या मुलीला ते सांगत होते की हे काहीच नाही, 78ला काय झालं होतं तुला कल्पना नाही, कमरेपर्यंत होता, गाड्याच्या गाड्या दिसेनाशा झाल्या होत्या. मुलगी कॉलेजातली असावी. ती बॅटऱ्या स्कॅन करता करता अगदी सहज म्हणाली, "पण 2015ला त्यापेक्षा जास्त पडला होता ना? आम्हाला शाळाच नव्हती जवळजवळ."

आजोबांनी पिशवी उचलली आणि म्हणाले, "तो नुसता बर्फ होता. आमचं वादळ होतं."

आणि गेले. मुलीने माझ्याकडे बघून खांदे उडवले. मी हसले, पैसे दिले, घरी आले, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण मला आकडे पाठ आहेत, नको तेवढे पाठ आहेत, आणि आकड्यांच्या हिशोबाने दोघंही बरोबर होते आणि तिसरंच एक वादळ दोघांच्याही वरताण होतं, ज्याचं नाव त्या रांगेत कोणीच घेतलं नाही.

आधी सांगते, मी हवामानवेडी आहे. शिक्षणाने नाही, नोकरीने तर नाहीच, नुसती हौस. इथे आमच्यासारखे खूप लोक आहेत, एकमेकांना प्रेमाने स्नो वीनी म्हणतात, आणि वादळ पाच दिवसांवर असल्यापासून त्यांची झोप उडते. हवामानाच्या अमेरिकन कॉम्प्युटर मॉडेलचा रात्रीचा रन, म्हणजे नवा अंदाज, साधारण साडेदहाला यायला लागतो, युरोपियन मॉडेल पाऊण-एकच्या सुमाराला, आणि त्या युरोची वाट बघणं म्हणजे दरवेळी नव्याने दहावीचा रिझल्ट. नवरा कधीच झोपलेला असतो. मी अंधारात फोनचा ब्राइटनेस कमी करून बघत असते की लो प्रेशर, म्हणजे वादळाचं केंद्र, कुठून जातंय. 40 अंश उत्तर आणि 70 अंश पश्चिम, नॅनटकेटच्या दक्षिणेला समुद्रातला एक बिंदू, त्याला सगळे बेंचमार्क म्हणतात. केंद्र त्याच्या जवळून गेलं तर आमची चांदी. पन्नास मैल आत सरकलं तर समुद्राची ऊब आत येते आणि बॉस्टनला निव्वळ पाऊस, चिखल, रडारड. पन्नास मैल बाहेर गेलं तर सगळा बर्फ माशांना. वर क्यूबेकमध्ये थंड हवेचा हाय प्रेशर ठाण मांडून बसलेला हवा, नाहीतर थंडी टिकत नाही. इतक्या गोष्टी जुळून याव्या लागतात की दरवेळी वाटतं, हे होतं तरी कसं.

मागच्या अंगणात माझा एक पांढरा रंगवलेला प्लायवूडचा तुकडा आहे, बर्फ मोजायला. नवरा त्याला पाट म्हणतो. "झालं का पाटपूजन?" असं विचारतो पहाटे मी बूट घालून बाहेर निघाले की. पाटाचे नियम असतात बरं का, सहा तासांतून एकदाच पुसायचा, त्याहून जास्त वेळा नाही, कारण बर्फ स्वतःच्याच वजनाने बसत जातो आणि तुम्ही दर तासाला मोजून पुसलात तर बेरीज फुगते. पट्टी उभी धरायची, इंचाच्या दहाव्या भागापर्यंत वाचायचं. पहाटे पाचला, अजून बर्फ हटवणारी प्लाव गाडी आलेली नाही, रस्ता कुठे आणि लॉन कुठे कळत नाही, आवाज सगळे शोषून घेतलेले, फक्त जॅकेटवर बारीक कण आपटतात त्याची टिकटिक. मोठे मोठे कापसासारखे फ्लेक्स पोस्टकार्डवर छान, पण खऱ्या वादळातला बर्फ बारीक असतो, वाऱ्याने तुटलेला, डोळ्यात जातो, मानेत जातो, आणि त्याला एक वास असतो, हे मी कितीही वेळा सांगितलं तरी घरात कोणाला पटत नाही.

तर ते 78.

6 फेब्रुवारी 1978, सोमवार. तेव्हा एलएफएम नावाचं मॉडेल होतं, आजच्या मानाने अगदीच ढोबळ, पण त्याने हे वादळ आधीपासून पकडलं होतं. हार्वी लेनर्ड म्हणून इथे टीव्हीवरचे हवामानवाले होते, तेव्हा तरुण, त्यांनी मोठं वादळ येतंय म्हणून सांगितलं आणि पुढे चाळीसहून जास्त वर्षं, 2022ला रिटायर होईपर्यंत लोक त्यांना त्याच वादळाबद्दल विचारत राहिले. म्हणजे अंदाज चुकला नव्हता. पण लोक सकाळी उठले आणि खिडकीतून बघितलं तर काहीच नाही. कोरडा रस्ता. म्हणाले, झालं, नेहमीचंच, हे हवामानवाले! आणि निघाले कामाला. बर्फ सुरू झाला उशिरा, सगळे ऑफिसात पोचल्यावर, आणि मग असा सुरू झाला की थांबला थेट 33 तासांनी. दुपारी सगळे एकदम घरी निघाले आणि बॉस्टनभोवतीच्या रूट 128 या हायवेवर तीन हजारांवर गाड्या आणि पाचशे ट्रक जागच्या जागी गाडले गेले. काही माणसं गाडीतच गेली, हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं आणि बाहेर बर्फ चढत चढत एक्झॉस्टचं तोंड बुजलं. किनाऱ्यावर तर वेगळीच कथा, अमावास्येची भरती आणि हरिकेनच्या तोडीचा वारा, एका पाठोपाठ एक भरत्या घरांत शिरत राहिल्या. बॉस्टन गार्डनमध्ये त्या रात्री कॉलेजांची हॉकी टुर्नामेंट होती, बीनपॉट, तिथे मॅच बघायला आलेले काही लोक अडकले ते हॉट डॉग खाऊन तिथल्याच बाकांवर झोपले. आठवडाभर गाडी चालवायला बंदी. गव्हर्नर डुकाकिस रोज स्वेटर घालून टीव्हीवर. आमच्या ऑफिसातल्या एका रिटायर व्हायला आलेल्या बाईंनी मला सांगितलं होतं की तिला वादळापेक्षा नंतरचे दिवस जास्त आठवतात, हायवेवरून स्की करत जाणारी माणसं, स्लेडवर ठेवून नेलेलं किराणा सामान, आणि अनोळखी शेजारी पहिल्यांदा एकमेकांच्या स्वयंपाकघरात बसलेले.

हे सगळं मी इतक्या जणांकडून इतक्या वेळा ऐकलंय की आता सांगताना मीच तिथे होते असं वाटतं. मी कुठे होते, तर नव्हतेच. आईबाबांचं लग्नही व्हायचं होतं.

आता गंमत बघा. त्या वादळात बॉस्टनला अधिकृत नोंद झाली 27.1 इंचांची. कमरेपर्यंत वगैरे काही नाही, निदान सपाट जमिनीवर तरी नाही, गुडघ्याच्या थोडं वर. आणि 17-18 फेब्रुवारी 2003ला बॉस्टनला पडला 27.6 इंच. अर्धा इंच जास्त. म्हणजे बॉस्टनच्या नोंदीतलं सर्वांत मोठं एकच एक हिमवादळ 78चं नाहीच, 2003चं आहे. आणि ते कोणाला विचारा. शेजारी विचारा, ऑफिसात विचारा, अगदी इथेच जन्मलेल्या वाढलेल्या माणसाला विचारा. "2003? हो, पडला असेल." बस. त्यावर टीशर्ट नाहीत, वर्धापनदिनाचे कार्यक्रम नाहीत, कॉफीच्या दुकानात कोणी कोणाला सांगत नाही. बाल्टिमोरवाले तरी सांगतात, कारण तिथे त्याच वादळात रेल्वे म्युझियमचं छप्पर जुन्या इंजिनांवर कोसळलं. बॉस्टनमध्ये काहीच कोसळलं नाही. तो सोमवार प्रेसिडेंट्स डेचा होता, सुट्टी. मॅसॅच्युसेट्सच्या शाळांना तर तो अख्खा आठवडाच सुट्टी असते. अंदाज आधीपासून नीट आला होता. सगळे घरी होते. बर्फ पडला, थांबला, लोकांनी शोव्हल केला, संपलं.

अर्ध्या इंचाला फार अर्थ नाही हे मलाही कळतं. इतक्या वर्षांत मोजण्याची पद्धत, मोजणारी माणसं, मोजायची जागा सगळं बदलत असतं, त्यातून बॉस्टनचा बर्फ जिथे मोजतात तो लोगन विमानतळ समुद्रावर, तिथे वारा बर्फाला जमिनीवर टिकू देत नाही, आणि तिथल्या आकड्यांवरून आम्ही हौशी लोक तावातावाने भांडतो ते वेगळंच. मला जास्त विश्वास मिल्टनच्या ब्लू हिल वेधशाळेवर वाटतो. 1885पासून एकाच टेकडीवर, अखंड नोंदी. मी तिथे गेले होते एकदा, वर चढत जायचं, दगडी मनोरा, आणि तिथे अजून ती काचेची गोळी आहे ज्यातून ऊन एका कागदाच्या पट्टीवर पडतं आणि जाळत जातं, जेवढी रेघ जळली तेवढा वेळ ऊन. गच्चीवरून खाली 128 दिसतो. मी तिथे उभी राहून तो रस्ता बघत बसले होते, माझ्याबरोबर आलेल्या मैत्रिणीला कळेना की हायवेत बघण्यासारखं काय आहे.

मला 128बद्दल बोलायचंय कारण मी त्याच्यावर अडकलेली आहे. 13 डिसेंबर 2007. मला इथे येऊन फार दिवस झाले नव्हते, आधीचा हिवाळा कोरडाच गेला होता, आणि मी बर्फ बर्फ करत होते. त्या दिवशीचा अंदाज तंतोतंत होता, दुपारी सुरू होणार, जोरात होणार. म्हणून सगळ्या ऑफिसांनी आणि सगळ्या शाळांनी लोकांना लवकर सोडलं. सगळ्यांनी, एकाच वेळी. प्लाव गाड्यांना रस्त्यावर यायलाच जागा नाही. प्रॉव्हिडन्सला शाळेच्या बसमध्ये पोरं रात्रीपर्यंत अडकली होती. पडला किती, तर दहाएक इंच, इथल्या हिशोबाने मध्यम. मी वॉल्थमच्या जवळ एका जागी इतका वेळ उभी होते की पुढच्या गाडीवरचे स्टिकर सगळे पाठ झाले. वायपरवर बर्फाची गोळी जमायची, खिडकी खाली करून हात बाहेर काढून वायपर आपटायचा, परत खिडकी वर. पेट्रोल पाव टाकीच्या खाली. कधीतरी काळोखात शेजारच्या गाडीतल्या माणसाने काचेवर टकटक केलं आणि डोनटचा अर्धा बॉक्स पुढे केला.

आणि मी रडायला लागले. डोनटमुळे नाही. मला 26 जुलै आठवला.

2005ला मी अंधेरीला नोकरी करत होते, राहायला डोंबिवली. त्या दिवसाबद्दल मराठी वाचकांना मी काय सांगणार, प्रत्येकाकडे स्वतःचा आहे. मी ऑफिसातच राहिले, दुसऱ्या दिवशी निघाले, कुठे चालत कुठे ट्रकवर, आणि कुठल्याशा गल्लीच्या तोंडाशी बायका पातेल्यात चहा घेऊन उभ्या होत्या, आणि पार्लेजीचे पुडे फोडून हातात देत होत्या, नाव नाही गाव नाही. पायाखाली काय आहे कळत नव्हतं. पाण्याला डिझेलचा वास होता. सांताक्रूझला 944 मिलिमीटर, कुलाब्याला 73. एकाच शहरात. तेव्हा मुंबईला डॉप्लर रडार नव्हतं, त्यामुळे त्या ढगाने काय मांडलंय ते दक्षिण मुंबईत बसलेल्या माणसाला कळायला मार्ग नव्हता. बाबा कुर्ल्याहून निघून घरी पोचायला दुसरी संध्याकाळ झाली आणि आईने दार उघडल्यावर त्यांना पहिलं काय विचारलं, तर "चप्पल कुठंय?"

पुढे कधीतरी मी एक हिशोब केला होता, आमच्यासारख्या लोकांना असले उद्योग सुचतात. बर्फाचं पाणी ढोबळमानाने दहाला एक धरतात, दहा इंच बर्फ वितळवला तर एक इंच पाणी. म्हणजे 78चं ते महावादळ, 27.1 इंच, वितळवलं तर सत्तरच्या आतबाहेर मिलिमीटर. कुलाब्याला 26 जुलैला पडला साधारण तेवढा. कुलाब्यात त्या दिवशी लोक छत्री घेऊन नाक्यावर सिगरेट आणायला गेले असतील. तेवढ्याच पाण्याने बॉस्टन आठवडाभर बंद. मग नुसत्या आकड्याने काय कळतं? अटलांटाला माझी मावसबहीण आहे, तिकडे जानेवारी 2014मध्ये अडीच इंच बर्फ पडला, फक्त अडीच, आणि अख्खं शहर रात्रभर हायवेवर, पोरं शाळेतच झोपली. आम्ही इकडे तिची टर उडवली. ती अजून ते सांगताना गंभीर होते, आणि तिचं बरोबर आहे, तिचा मुलगा त्या शाळेत होता.

तर माझ्या डोक्यात हळूहळू असं जमत गेलं की वादळ इतिहासात जातं ते बर्फामुळे नाही, माणूस चुकीच्या जागी सापडल्यामुळे. 78च्या लोकांकडे गोष्ट आहे कारण ते ऑफिसात होते, रस्त्यावर होते, हॉकीच्या मॅचला होते, कोणाचं तरी घरी पोचणं राहिलं होतं. 2003च्या लोकांकडे गोष्ट नाही कारण ते सोफ्यावर होते. आणि ते सोफ्यावर का होते, तर अंदाज बरोबर आला, सुट्टी होती, म्हणून. 2013ला तर याहून ठळक. 8 फेब्रुवारी, परत मोठं वादळ, बॉस्टनला 24.9 इंच, आणि गव्हर्नर डेव्हल पॅट्रिक यांनी दुपारी चारपासून रस्त्यावर गाडी आणायलाच बंदी केली, 78नंतर पहिल्यांदा. बरेच लोक चिडले, हे काय, एकही फ्लेक धड पडलेला नाही. आणि त्याच रात्री खाली लाँग आयलंडच्या एक्स्प्रेसवेवर, जिथे तशी बंदी नव्हती, शेकडो गाड्या अडकल्या. 128 मात्र रिकामा. आमच्याकडची 2013ची आठवण काय, तर नव्हत्याच गाड्या. असल्या आठवणीचं कोणी काय करावं? अंदाज जितका चांगला होत जाईल तितक्या वादळाच्या गोष्टी कमी होत जाणार, आणि हे चांगलंच आहे, यासाठीच तर त्या माणसांनी आयुष्यं घातली. तरी मला त्याची चुटपुट लागते आणि त्या चुटपुटीची मला जरा लाजही वाटते.

कारण या हौसेत काहीतरी गोम आहेच. फेब्रुवारी 2015मध्ये टीव्हीवरचे जिम कँटोरी प्लिमथला लाइव्ह होते आणि बर्फ पडत असताना वीज कडाडली, थंडरस्नो, आणि मग परत, आणि परत, आणि तो पन्नाशीतला माणूस लहान मुलासारखा उड्या मारत ओरडायला लागला. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितलाय विचारू नका. मला तो आनंद आतून कळतो. आणि मग डिसेंबर 2022 येतो, न्यू यॉर्क राज्यातलं बफेलो. त्या वादळाचा अंदाज कितीतरी दिवस आधीपासून इतका स्पष्ट होता की आमच्या ग्रुपमधले लोक नकाशे बघून हरखून गेले होते, मीही, असं काही पुन्हा दिसणार नाही वगैरे. विमानतळावर 37 तास ब्लिझर्डची स्थिती होती. म्हणजे ताशी पस्तीस मैलांचा वारा आणि पाव मैलही न दिसणं, सलग तीन तास टिकलं तर त्याला ब्लिझर्ड म्हणतात, आणि हे 37 तास. चाळीसहून जास्त माणसं गेली, नाताळात. कोणी गाडीत, कोणी घरात गारठून, कोणी अँब्युलन्स पोचलीच नाही म्हणून. अंदाज बरोबर असून. मग मी ग्रुपवर बरेच दिवस काही लिहिलं नाही. पुढच्या जानेवारीत परत लिहायला लागले.

2015बद्दल त्या काउंटरवरच्या मुलीचं म्हणणं राहिलंच. त्या वर्षीचं वेगळं होतं, एक वादळ नव्हतं, वादळांची माळ होती. जानेवारीच्या शेवटी पहिलं आलं, बॉस्टनच्या पश्चिमेला आमच्या वुस्टरला 34.5 इंच, तिथला आजवरचा विक्रम, माझा पाट शोधायला मला काठी खुपसत फिरावं लागलं. (न्यू यॉर्कने त्याच रात्री भुयारी रेल्वे बंद ठेवली होती आणि सेंट्रल पार्कला पडले जेमतेम दहा इंच. तिथल्या हौशी मंडळींचं दुःख मी समजू शकते.) मग दर आठवड्याला एक. बॉस्टनला हंगामाचे 108च्या वर इंच, त्यातले चौसष्टहून जास्त एकट्या फेब्रुवारीत. तपमान शून्याच्या वर जाईचना, त्यामुळे पडलेला कुठे जायचाच नाही. शोव्हल करून टाकायला जागा नाही, ढिगारा माझ्या डोक्याच्या वर, त्याच्यावर फेकायचं तर खांदा निखळायचा. ट्रेन बंद. छपरांच्या कडेला बर्फाचे बांध, त्यामागे पाणी साचून ते आत झिरपायचं, आमच्या बेडरूमच्या छताला नकाशासारखा डाग आहे अजून, रंग मारू देत नाही मी. लोक खिडकीतून ढिगाऱ्यात उड्या मारायला लागले तेव्हा मेयर वॉल्शना सांगावं लागलं की बाबांनो, उड्या मारू नका. पोरं रात्री पायजमे उलटे घालून, उशीखाली चमचा ठेवून झोपायची, तसं केलं की दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी मिळते असं इथल्या पोरांचं शास्त्र आहे. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आमची लेक स्वतः येऊन म्हणाली, "आई, चमचा काढला मी." आणि बंदरापाशी शहराने उचलून नेऊन टाकलेला डोंगर, कचरा आणि काळा बर्फ, तो शेवटी वितळला जुलैच्या मध्याला.

ती गोष्ट म्हणून सांगायला अवघड आहे. सुरुवात कुठे, शेवट कुठे? कंटाळा हा विषय गोष्टीत नीट बसत नाही. आजोबा म्हणाले, तो नुसता बर्फ होता, त्यात थोडं तथ्य आहे हे मला मान्य करावं लागतं. पण त्या मुलीला पंचविसाव्या वर्षी नाही, पन्नासाव्या वर्षी विचारा. तेव्हा ती दहा फुटांचा होता म्हणून सांगेल, आणि समोरची कोणी पोर तिला 2040च्या कुठल्याशा वादळाचा आकडा ऐकवेल.

माझा स्वतःचा एक छुपा सल आहे तो सांगून टाकते. इथे इतकी वर्षं राहूनही, मुलं इथली, घर इथलं, कर इथे, या गप्पांत मी बाहेरचीच असते. कोणी 78चा विषय काढला की मी फक्त ऐकणारी. जानेवारी 2022ला वाटलं होतं हे माझं. बॉस्टनला एका दिवसात 23.6 इंच, दिवसाच्या विक्रमाशी बरोबरी. आमच्याकडे त्याच्या निम्मा. जोराचा पट्टा पूर्वेलाच अडकून बसला, रडारवर मला दिसत होता, तिकडे गडद आणि आमच्यावर फिकट, आणि मी दिवसभर रडारला शिव्या देत खिडकीशी. नवरा म्हणाला, "अगं कमी पडला तर बरंच ना, पाठ वाचली." याला काय सांगणार.

म्हणून मी हल्ली 2003ची वकिली करते. मी तेव्हा इथे नव्हते, म्हणजे मला त्यात काही मिरवायचं नाही, पण विक्रम असून ज्याला कोणी विचारत नाही त्याच्याबद्दल माझ्यातल्या डोंबिवलीकराला माया वाटते. भेटेल त्याला विचारत सुटले होते, फेब्रुवारी 2003, सोमवार-मंगळवार, तुम्ही काय करत होता? झोपलो होतो. आठवत नाही. बहुतेक टीव्ही बघत होतो. एकजण म्हणाला की तेव्हा माझं ब्रेकअप झालं होतं, पण त्याला ते वादळ नक्की तेच का याची खात्री नव्हती.

मग संक्रांतीच्या कार्यक्रमात एक काका भेटले. हे मूळचे सांगलीचे, इथे येऊन चाळीस वर्षं व्हायला आली असतील. तिळगूळ हातात, मी विचारलं, काका, 2003चं मोठं वादळ आठवतं का? मला वाटलं नेहमीप्रमाणे मान हलवतील.

"2003? अगं वर्ल्ड कप चालू होता!" काका एकदम ताठ झाले. "बुधवारी झिंबाब्वेशी मॅच, इथे पहाटे अडीच-तीनला सुरू. ऑस्ट्रेलियाने आधीच सव्वाशेत गुंडाळलेलं आपल्याला, म्हणजे ही हरलो तर काय तोंड दाखवणार? मी डिश घेतली होती खास वर्ल्ड कपसाठी, आणि ती डिश बर्फाने गच्च भरलेली. टीव्हीवर सिग्नलच नाही! तुझी काकू म्हणाली गप झोपा. मी बूट घातले, केरसुणी घेतली, भारतातून आणलेली लांब दांड्याची, आणि गेलो गॅरेजच्या छपरावर. रात्री दोनला. शिडी बर्फात रुतलेली. छपरावर किती होता माहितीये? चार फूट."

"काका, अधिकृत आकडा 27.6 इंच आहे," मी म्हणाले, पण माझ्याही नकळत हळू आवाजात.

"अगं चार फूट! मी वर होतो की तुझा तो आकडा वर होता? एका हाताने धरून दुसऱ्या हाताने झाडतोय, खालून तुझी काकू ओरडतेय, शेजारच्या घरात दिवा लागला, त्यांना वाटलं चोर. आणि पोचलो खाली, अंगावर सगळा बर्फ, तर सिग्नल आला." काकांनी तिळगुळाची वडी तोंडात टाकली. "सचिनने 81 केले. एकही बॉल चुकवला नाही मी. 78वाल्यांना म्हणावं, तुमच्याकडे काय होतं, हॉकी?"